मदत हवी आहे: आईच्या इन्सुलिनच्या तारखांचा हिशोब कसा ठेवता?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. आई 71 वर्षांची, रात्री पेनने इन्सुलिन घेते. परवा फ्रीज पुसताना शेंगाचटणीच्या डब्यामागे दोन कार्ट्रिज (पेनमध्ये बसवायच्या इन्सुलिनच्या नळ्या) सापडल्या, मुदत मार्चमध्येच संपलेली! भाऊ पुण्याहून नवीन आणतो, त्या पुढे ठेवल्या जातात, जुन्या मागेच राहतात. पैसे गेले ते गेलेच, पण चुकून तीच टोचली असती तर?

खरा घोळ उघडलेल्या कार्ट्रिजचा आहे. खोक्यावरची तारीख न उघडलेल्या, 2 ते 8 अंशांत ठेवलेल्या मालाची. आईच्या इन्सुलिनच्या पत्रकात उघडल्यावर 28 दिवस आणि 30 अंशांच्या आत असं लिहिलंय. एका कार्ट्रिजमध्ये 300 युनिट. आईचा डोस 6, सुई तपासायला 2, म्हणजे रोज 8. अठ्ठावीस दिवसांत 224च संपतात. उरलेलं टाकायचं म्हटलं की आई म्हणते, "अगं, अजून अर्धा बोट आहे की!" पेनवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली, ती आठवड्यात पुसली गेली. कॅलेंडरवर लिहिलं तर दूधवाल्याच्या खाड्यांत हरवलं.

तुम्ही काय करता? वही, मोबाईलचा गजर, की एखादं ॲप? आईला स्वतःला जमेल असं हवंय, मी दिवसभर नोकरीवर असते.

आणखी एक, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, त्यात लाईट जाते. तेव्हा चालू पेन कुठे ठेवता? माठाशेजारी ठेवून कुणी थर्मामीटरने तपासलंय का? बर्फाला चिकटवून ठेवू नका हे माहीत आहे, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.