मदत हवी आहे: ८६ किलो वजनाची आई कुपोषित असू शकते का?

नमस्कार. आम्ही भिलवडीकडचे. आई ६८ वर्षांची, शुगर जुनी. पायाच्या जखमेत पू झाला म्हणून नऊ दिवस मिरजेत ॲडमिट आहे. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाही.

दिवाळीत वजन ९७ होतं, साडेतीन महिन्यांत ८६ वर आलं. डाएट वगैरे काही नाही, जेवणावरची वासनाच गेली. उंची पाच फूट एक, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अजून ३६ च्या आसपास, लठ्ठपणातच. ॲडमिट करताना फॉर्मवर 'पोषण'समोर 'चांगलं' अशी टिक पडली. बघायला येणारे म्हणतात, "बारीक झालाय की, बरंच झालं!" आईपण खूश.

मला काही हे पटेना. पोट तसंच, पण दंड लोंबतोय. बांगड्या कोपरापर्यंत जातात. परवा पाण्याच्या बाटलीचं झाकण तिला उघडेना, हसून माझ्याकडे दिली. डब्यातली भाकरी जशीच्या तशी परत येते. जखमही भरेना. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन २.६, म्हणजे कमी आलंय. डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

उत्तर : दादा, मी वॉर्डात डाएटिशियन होते. शंका रास्त आहे. चरबी राहते आणि स्नायू झिजतात, म्हणून वरून कळत नाही. कुपोषणाचा धोका गुणांवर मोजणाऱ्या 'मस्ट' नावाच्या तपासणीत तीन ते सहा महिन्यांत आपोआप १० टक्क्यांहून जास्त वजन उतरलं की त्याचेच २ गुण, आणि २ म्हणजे धोका जास्त. बीएमआयला शून्य मिळालं तरी. तुमचे ११ टक्के होतात. पायावर सूज असेल तर खरं वजन ८६ हूनही कमी धरा. अल्ब्युमिनवरून काही ठरवू नका, पू-ताप असला की ते उतरतंच. डाएटिशियनला बोलवा, हाताची पकड मोजायला सांगा. प्रोटीन किती द्यायचं ते क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून तेच ठरवतील. दुकानातली पावडर परस्पर सुरू करू नका.

धागाकर्ता : ताई, आभार. जुना केसपेपर सापडला, दिवाळीतलाच. त्यावर ९६.५ आहे, म्हणजे तरीही दहाच्या वरच. उद्या राऊंडला दाखवतो. एक राहिलंच, आईचा औदुंबरच्या दत्ताचा गुरुवार वॉर्डातही चालू आहे. दिवसभर नुसता चहा. माझं ऐकत नाही. कुणी असा उपवास सोडवलाय का? कसा?