मदत हवी आहे: बर्ड फ्लूमध्ये 'निम्मे दगावतात' हा आकडा कामगारांना कसा समजावू?

नवापूर पट्ट्यातल्या पोल्ट्री कामगारांसाठी माहितीसत्र घ्यायचं आहे. मास्क, गॉगल, मेलेली कोंबडी उघड्या हाताने न उचलणं, चिकन-अंडी पूर्ण शिजवणं, हा भाग तयार आहे. त्यावर सल्ला नको. २००६ चा देशातला पहिला उद्रेक इथलाच, त्यामुळे लोक ऐकून घेतात, पण उलटतपासणीही करतात.

अडलंय ते असं. २००३ पासून नोंदलेल्या एच५एन१ (बर्ड फ्लूचा विषाणू) च्या मानवी रुग्णांपैकी साधारण निम्मे दगावले. उलट २०२४ मध्ये अमेरिकेत याच विषाणूची लागण झालेल्या गायींच्या गोठ्यांत काम करणाऱ्या रुग्णांचे बहुतेक वेळा नुसते डोळे आले. (लुइझियानात मात्र एक रुग्ण दगावला, त्याचा संबंध घरच्या कोंबड्या आणि रानपक्ष्यांशी होता.)

वाचलेली कारणं: सौम्य रुग्ण नोंदलेच जात नाहीत म्हणून आकडा फुगतो, विषाणूचा उपप्रकार वेगळा, दुधाचा शिंतोडा डोळ्यात गेला तर संसर्ग तिथेच थांबतो, फुफ्फुसात खोल गेला तर न्यूमोनिया. रिसेप्टरचंही (पेशीवर विषाणू चिकटतो ती जागा) पाहिलं. पक्ष्यांचा विषाणू चिकटतो ते अल्फा-२,३ प्रकारचे रिसेप्टर आपल्या डोळ्यांत आणि खोल फुफ्फुसात असतात, नाका-घशात कमी. पण कंबोडियात दगावलेल्या रुग्णांचेही रिसेप्टर तेच की!

साथरोग किंवा विषाणूशास्त्रातलं कुणी आहे का इथे? व्हिडिओच्या लिंक नकोत, समोरच्यांना दोन वाक्यांत सांगता येईल असं हवंय. यातलं कोणतं कारण जास्त वजनाचं? आणि लक्षणं नसलेल्या कामगारांच्या रक्तातली प्रतिपिंडं (संसर्ग होऊन गेल्याची खूण) तपासली, तर 'निम्मे' हा आकडा कितपत खाली येतो?