'महापाषाणयुग' म्हणायचं का?

प्रश्न : लेकीला शाळेसाठी नागपूरजवळच्या जुनापाणीच्या प्राचीन दगडी वर्तुळांवर माहिती लिहायची आहे. तिनं मथळा दिला 'महापाषाणयुगीन शिलावर्तुळे'. कुठे 'बृहदश्म' दिसतं, कुठे 'महाश्म'. नेमकं काय लिहावं?

उत्तर : ताई, महापाषाण, महाश्म, बृहदश्म हे तिन्ही 'मेगालिथ' म्हणजे मोठ्या दगडांच्या प्राचीन रचनेसाठीच आहेत, कोणताही घ्या. खटकतं ते 'युग'. पुराश्मयुग, नवाश्मयुग या ओळीत 'महापाषाणयुग' बसवलं की वाचणाऱ्याला तेही अश्मयुगच वाटतं, आणि आपल्या विदर्भात तर नेमकं उलट आहे. दफनांवर ही वर्तुळं रचणारी माणसं लोखंड वापरणारी होती, काळ इ.स.पू. पहिलं सहस्रक. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी १९७०च्या सुमारास उत्खनन केलं, तेव्हा माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले, तोंडावर तांब्याचा साज असलेले. घोड्याला असा साज चढवून मालकाशेजारी पुरणाऱ्यांना 'पाषाणयुगीन' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. 'महापाषाण संस्कृती' म्हणा, किंवा सरळ 'लोहयुगीन शिलावर्तुळे'.

प्रश्न : पण भाऊ, काटोल रोडनं जाऊन पाहिलं तर जुनापाणीचे दगड काही 'महा' नाहीत. एकेक धोंडा दोघातिघांना हलवता येईल असाही आहे.

उत्तर : बरोबर पाहिलंत. हे नाव युरोपातल्या प्रचंड शिळांवरून पडलं आणि इकडे त्या काळच्या दफनपद्धतीलाच चिकटलं. तमिळनाडूतल्या आदिचनल्लूरला मातीच्या रांजणांत दफनं आहेत, वर मोठे दगड नाहीत, तरी त्यांची गणना याच परंपरेत होते. म्हणून संस्कृतीबद्दल बोलताना 'महापाषाण', आणि डोळ्यांसमोरच्या रचनेला 'शिलावर्तुळ'. कडेला धोंड्यांचं रिंगण, आत दगडमातीचा भराव, त्याखाली दफन, एवढं सगळं त्या शब्दात येतं. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅकनं १८७९ मध्ये जुनापाणीबद्दल लिहिलं, त्याचंही लक्ष वर्तुळांवर आणि धोंड्यांवर कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्यांवर होतं. लेकीला ते खळगे जरूर दाखवा, तिरप्या उन्हात नीट दिसतात.

आणखी एक, 'थडगं' लिहू नका. त्या शब्दानं चुना-विटांची कबर डोळ्यांपुढे येते. 'दफन' पुरे.