मुंबईचा पहिला 'आपला' आर्चबिशप कोण, 1950 चा की 1978 चा?

मरोळ_गावठण

परवा एका लग्नात उंबराच्या पाण्याच्या विधीला गेलो होतो, तिथे मांडवातच वाद पेटला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. विषय असा, की मुंबईला पहिला आपला आर्चबिशप, म्हणजे इथल्या कॅथलिक चर्चचा सर्वात वरचा धर्मगुरू, कधी मिळाला? सगळे पटकन 1950 म्हणतात, व्हॅलेरियन ग्रेशियस. मी म्हणतो 1978, सायमन पिमेंटा.

जरा हिशोब बघा. मुंबईचं आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपचा धर्मप्रांत, झालं 1886 ला. पहिले जॉर्ज पोर्टर इंग्रज, मग डालहॉफ आणि युर्गेन्स दोघं जर्मन, मग गुडियर परत इंग्रज, लिमा पोर्तुगीज, रॉबर्ट्स इंग्रज. सहाच्या सहा जेझुइट संघाचे पाद्री, सहाच्या सहा परदेशी, 64 वर्षं. आणि ज्यांच्या गावांत ही चर्चं उभी राहिली, जे पोर्तुगीज काळापासून मुंबईच्या साष्टी बेटावर भातशेती करत, मासे मारत, घरात मराठी बोलत राहिले ते आम्ही ईस्ट इंडियन, आमच्यातला माणूस त्या खुर्चीवर बसायला 92 वर्षं गेली.

ग्रेशियस मोठे होते, कोण नाही म्हणतंय. पण घराणं गोव्याचं, जन्म कराचीचा. पिमेंटा आमच्या मरोळचे, 1920 चा जन्म. माझी आजी नऊवारी लुगड्यात चर्चला जाणारी बाई, तिने पेपरातला त्यांचा फोटो कापून भातानेच चिकटवून कपाटाच्या दाराला आतून लावला होता, बाहेर नाही, आतून, म्हणजे कपाट उघडलं की दिसायचा. "आमच्या गावचा पोऱ्या" एवढंच म्हणायची. हे 1950 ला तिला वाटलं नव्हतं.

कुलाबा_वाचक

भावना समजते पण मुद्दा पटला नाही. कराची म्हणजे परका मुलूख असं तुम्ही आज बॉर्डर बघून म्हणताय. ग्रेशियस जन्मले 1900 ला, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, तो वेगळा झाला 1936 ला. चर्चच्या हिशोबातही तेच, कराचीचं स्वतंत्र डायोसिस झालं 1948 ला आणि ते मुंबईतूनच काढलं. म्हणजे हा माणूस मुंबईच्याच धर्मप्रांतात जन्मला, मुंबईचाच पाद्री झाला.

आणि 1953 ला ते कार्डिनल झाले, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान, भारतातले पहिले. स्वतंत्र होऊन देशाला सहा वर्षंही झाली नव्हती. पुढे 1964 ला इथे युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचं जागतिक संमेलन, भरली, पोप सहावे पॉल स्वतः ओव्हल मैदानात आले, भारतात पाय ठेवणारा पहिला पोप. हे सगळं ज्यांच्या काळात झालं त्यांना 'पहिला आपला' म्हणायचं नाही कारण आडनावामागचं गाव गोव्यात आहे? हा निकष लावला तर अर्धी मुंबई परकी ठरेल.

पोर्तुगीज_चर्च_स्टॉप

दोघांचंही एक सुटतंय. परदेशी आर्चबिशप का होते हे न बघता नुसती यादी मोजून उपयोग नाही.

पाद्रोआदो म्हणजे पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेला हक्क, पूर्वेकडची चर्चं त्याने सांभाळायची आणि बिशप कोण हे त्याने सुचवायचं. इंग्रजांना मुंबईत गोव्याच्या आर्चबिशपचा शब्द चाललेला नको होता म्हणून 1720 ला त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना घालवून कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले, ते थेट रोमच्या प्रोपगंडा खात्याचे. मग पाऊणशे वर्षं ओढाताण आणि 1794 ला चक्क वाटणी. दादरचं आपलं पोर्तुगीज चर्च आणि माझगावचं ग्लोरिया पाद्रोआदोकडे, भुलेश्वरचं एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल प्रोपगंडाकडे. एका शहरात, कधी एकाच गल्लीत, दोन साहेब. 1853 ला माहीमच्या चर्चवरून इतकं पेटलं की प्रोपगंडाचे बिशप हार्टमन आत दार लावून बसले आणि पाद्रोआदोवाल्यांनी बाहेरून वेढा घातला, शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं.

हा दुहेरी कारभार संपला 1928 ला, रोम आणि पोर्तुगालच्या कराराने, आणि त्याची किंमत काय, तर मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश. म्हणून लिमा, म्हणून त्यांच्यानंतर रॉबर्ट्स. त्या करारात 'इथला माणूस' हा रकानाच नव्हता. म्हणून माझ्या मते खरा क्षण ना 1950 ना 1978, तो 1946. रॉबर्ट्सनी ग्रेशियसना सहायक बिशप करून घेतलं आणि स्वतः मुंबई सोडून गेले. नावाला आर्चबिशप तेच, कारभार ग्रेशियसांच्या हातात, चार वर्षं! जुलै 1950 मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला आणि डिसेंबरात रॉबर्ट्सचा राजीनामा मंजूर झाला. भारतीयासाठी खुर्ची अशी स्वतःहून रिकामी करणारा माणूस मला त्या यादीत दुसरा दिसत नाही.

मरोळ_गावठण

रॉबर्ट्सचं मान्य, त्यांच्याबद्दल मलाही आदर आहे. पण त्यांनी खुर्ची भारतीयाला दिली, मी विचारतोय मुंबईकराला कधी मिळाली. ईस्ट इंडियन हे नावच बघा ना कधी घेतलं, 1887 ला, आर्चडायोसिस झाल्यावर एका वर्षात. का घेतलं? गोव्याहून, मंगळुरूहून माणसं नोकरीला येत होती, सरकारदरबारी सगळ्यांना एकाच नावाने मोजत होते, आमच्या लोकांना वाटलं आपण पुसले जाणार. ती भीती खरी होती. त्यामुळे पुढच्या 90 वर्षांत वरच्या जागेवर आपलं कोणी नाही हे ज्यांना टोचलं त्यांना कोत्या मनाचं म्हणू नका एवढीच विनंती.

साष्टीचा_गोंयकार

माझे आजोबा 1930 च्या आसपास मडगावहून आले, धोबीतलावला गावच्या कूडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोल्यांत, राहिले, बोटीवर नोकरी केली. तीन पिढ्या आम्ही इथे दफन होतोय. आम्ही कधी मुंबईचे होणार ते सांगा. पिमेंटांनंतरचे आर्चबिशप आमच्यासारखेच गोंयकार घराण्यांतले, इव्हान डायस वांद्र्यात जन्मले, ओस्वाल्ड ग्रेशियस मुंबईत जन्मले, तेही 'आपले' नाहीत का? वाईट वाटलं म्हणून लिहितोय, भांडायला नाही.

मरोळ_गावठण

नाही हो, ते दोघं मुंबईचेच. माझा शब्द चुकला असेल तर माफ करा. मी फक्त पहिला कोण विचारतोय, शेवटचा हक्क कोणाचा हे नाही. जन्म मोजायचा तरी कराची आणि मरोळ यात मी मरोळच धरणार.

निर्मळचा_वाटसरू

वसईकर म्हणून माझा वेगळाच त्रास आहे. तुम्ही जन्मगाव मोजताय, मला विचाराल तर भाषा मोजा. पिमेंटा मरोळचे होते म्हणून मुंबईच्या चर्चचा कारभार मराठीत आला का? नाही. उलट मराठीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आली ती 1962-65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे व्हॅलेरियन ग्रेशियसांच्याच काळात. तोपर्यंत लॅटिन. आज मुंबईत बऱ्याच धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) रविवारी इंग्रजीच्या चार मिस्सा आणि मराठीची एक, तीही सकाळी लवकर, हे मी स्वतः नातेवाइकांकडे जाऊन बघितलंय. एका ठिकाणी तर आईला कन्फेशनला मराठी समजणारा फादर नव्हता, ती तशीच परत आली आणि आठवडाभर गप्प होती.

आम्हाला वसईत फरक पडला तो 1998 ला, मुंबईपासून वेगळं धर्मप्रांत झालं तेव्हा. पहिले बिशप थॉमस डाबरे, वसईचेच, तुकारामावर डॉक्टरेट केलेले. फादर दिब्रिटो 'सुवार्ता' या मराठी ख्रिस्ती मासिकाचे संपादक होते, 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे मुंबईच्या त्या खुर्चीखाली राहून झालं असतं का, मला शंका आहे.

कुलाबा_वाचक

शेवटचं वाक्य अन्यायकारक आहे. डाबरे 1990 ला बिशप झाले ते मुंबईचेच सहायक बिशप म्हणून, पिमेंटांच्या काळात. आणि दिब्रिटो 'सुवार्ता' 1983 पासून चालवत होते, तेव्हा वसई मुंबईतच होती. म्हणजे त्या खुर्चीखालीच झालं की हो.

निर्मळचा_वाटसरू

बरोबर, तारखांचं चुकलं, ते वाक्य मागे घेतो. पिमेंटांना तेवढं श्रेय द्यायलाच हवं. मराठी मिस्सेचा मुद्दा मात्र सोडत नाही. जॉन रॉड्रिग्ज 2025 च्या जानेवारीत आर्चबिशप झाले ते पुण्याहून आले, पुणे धर्मप्रांतात सोलापूरकडची मराठी माणसं आहेत, म्हणून मला आशा आहे.

मरोळ_गावठण

ह्यावर मी तुमच्या बाजूने. आमच्याकडे ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, नवं भात कापून आणतात, बायका लुगडी नेसून चर्चच्या दारापर्यंत मराठीत गाणी म्हणत जातात आणि दारातून आत पाऊल टाकलं की पुढचं सगळं इंग्रजीत. दरवर्षी त्या उंबऱ्यावर मला थांबल्यासारखं होतं. यंदा आम्ही काही जण मिळून फादरना विचारणार आहोत, निदान आगेऱ्याची मुख्य मिस्सा मराठीत करा. कोणाच्या धर्मग्रामात असं झालं असेल तर अर्ज कसा लिहिला ते इथे टाका.