रामशेजची "छोटी फेरी": रविवारच्या ट्रेकवरून सोसायटीच्या ग्रुपवर

आहेर वहिनी (ए-२०४): नमस्कार. काल रामशेज गडावर सगळ्यांनी एन्जॉय केलं, फोटो पण मस्त आलेत. फक्त एक विचारायचंय. "वरून गोल फिरून येतो, छोटीशीच फेरी आहे, अर्ध्या तासात आलो" असं सांगून जे गेले ते पावणेदोन तासांनी का उगवले? सासूबाई, दोन मुलं आणि मी राममंदिराच्या पायऱ्यांवर, पाणी संपलेलं, फोन लागेना. कोणाला नावं ठेवत नाहीये.

सानप (सेक्रेटरी): वहिनी तुमचं म्हणणं रास्त आहे, पण गडमाथा खालून वाटतो तेवढा लहान नाहीये. टाकी, देवीचं मंदिर, झेंडा, मग चोर दरवाजा बघून कडेकडेने परत यायचं म्हटलं की तास जातोच, त्यात शनिवारी रात्री पाऊस पडल्याने वाट निसरडी होती, मुलांना हात धरून आणावं लागलं.

आहेर वहिनी (ए-२०४): मग तास सांगायचा ना. मी कुठे नको म्हटलं फिरायला.

देवरे काका (बी-१०१): 📷 वरच्या टाक्याजवळ उचललेल्या बाटल्या आणि कुरकुऱ्याची पाकिटं. आपल्याच ग्रुपची. लाज वाटायला पाहिजे.

बागूल (सी-४०३): काका सगळ्या आपल्या नसतील, रविवारी तिथं अर्धं नाशिक असतं.

पवार ताई (ए-५०१): मला तर खूप आवडलं. सोनकी आणि तेरडा काय फुललाय! वरून समोर बोरगड एकदम स्वच्छ दिसत होता. माझ्या ओढणीला लागलेली कुसळं अजून निघत नाहीयेत, सकाळपासून चिमट्याने काढतेय 😅

निकम (बी-३०४): त्या बोरगडावर पण नेऊ ना सानप पुढच्या वेळी?

सानप (सेक्रेटरी): वर हवाई दलाचं ठाणं आहे भो. खालचं जंगल पण राखीव आहे, परवानगीशिवाय घुसायचं नाही.

कुलकर्णी काका (ए-१०२): उशिरामागे थोडं कारण माझंही असेल, मुलं प्रश्न विचारत होती आणि मी सांगत बसलो. १६८२ साली औरंगजेबाने शहाबुद्दीन खान फिरोजजंगला या एवढ्याशा गडावर पाठवलं. त्याला जमेना, मग बहादूरखान कोकलताश आला. गडावर लोखंडी तोफ नव्हती तर मावळ्यांनी झाडाचे बुंधे पोकरून, वरून कातडं चढवून तोफा केल्या. मी नाही म्हणत, मोगलांचा इतिहास लिहिणारा खाफीखान म्हणतो. पाच वर्षांहून जास्त दाद लागू दिली नाही.

बागूल (सी-४०३): साडेसहा वर्षं काका.

कुलकर्णी काका (ए-१०२): कोणी सांगितलं?

बागूल (सी-४०३): फॉरवर्ड आला होता, याच ग्रुपवर.

कुलकर्णी काका (ए-१०२): त्या फॉरवर्डात वेढा दर वर्षी सहा महिन्यांनी वाढतो. पुढच्या शिवजयंतीला सात होतील.

आहेर वहिनी (ए-२०४): खानाने पाच वर्षं वाट बघितली म्हणून मी पण बघायची का?

निकम (बी-३०४): 😂😂 वहिनी एक नंबर

देवरे काका (बी-१०१): 📷 परत टाकतोय, बहुतेक कोणी बघितला नाही. टाक्याजवळच्या बाटल्या.

पवार ताई (ए-५०१): बघितला काका.

शिंदे आजी (सी-१०१): माझ्याकडून लिहून घेतलं आहे, नातू टाईप करतोय. फेरी म्हणजे ब्रह्मगिरीची. तिसऱ्या श्रावणी सोमवारी वीस किलोमीटर, मी अनवाणी केलेली आहे, कुशावर्त कुंडावर पाय धुवून निघायचं आणि बोलबोल करत परत त्र्यंबकला यायचं. तुमचं हे तासाभराचं कौतुक मला कळत नाही. आजींना आता झोपायचं आहे.

सानप (सेक्रेटरी): आजी 🙏 पुढच्या वर्षी तुम्हीच पुढे चला.

गायकवाड (बी-२०२): मूळ मुद्दा राहतोय. मी आधीच सांगितलं होतं अंजनेरी ठेवा, पायऱ्या आहेत, वर तळं आहे, म्हाताऱ्यांना बरं.

सानप (सेक्रेटरी): अंजनेरी रामशेजच्या दुप्पट चढ आहे भाऊ. तळ्यापर्यंतच लोकं बसतात, पुढं अंजनीमातेपर्यंत कोण चढणार होतं? आणि हरिहर गड म्हणणारे पण होते, त्या उभ्या पायऱ्यांवर तुम्ही सासूबाईंना नेता का?

गायकवाड (बी-२०२): मी हरिहर म्हटलंच नव्हतं. दरवेळी माझ्या तोंडी घालायचं.

सानप (सेक्रेटरी): तुमचं नाव घेतलं का?

गायकवाड (बी-२०२): घ्यायला लागत नाही. पार्किंगच्या वेळेस पण हेच झालं.

पवार ताई (ए-५०१): पार्किंग नको प्लीज.

निकम (बी-३०४): मिसळीचं कोणी बोलणार आहे का? पेठ रोडला पोचेपर्यंत साडेअकरा, रस्सा गार, पापड नरम. जिलबी तेवढी गरम मिळाली. माझी खरी तक्रार ती आहे.

आहेर वहिनी (ए-२०४): बघा. उशिराने सगळ्यांचंच नुकसान झालं.

बागूल (सी-४०३): वहिनी राग नका मानू पण फेरीवाल्यांत सगळ्यात पुढे तर आहेर भाऊच होते ना? झेंड्याखाली पहिला सेल्फी त्यांचाच आहे.

निकम (बी-३०४): 🤐

आहेर वहिनी (ए-२०४): माहितीये मला. त्यांच्याशी घरी बोलणं झालंय. इथे बाकीच्यांसाठी लिहिलं.

सानप (सेक्रेटरी): असं करू. पुढच्या वेळी दोन टोळ्या. एक मंदिरापर्यंत, त्यांच्याकडे पाणी, खाऊ, चटई. दुसरी फेरीवाली, पण चढायला पाऊण तास, वर तास, उतरायला अर्धा, हे आधीच इथे लिहून टाकतो. पहिल्या टोळीने नाश्त्यासाठी थांबायचं नाही, खाली आशेवाडीत उतरून गाडीत बसायचं. आणि वरच्या कोरीव पायऱ्यांवर शेवाळ होतं, चप्पल घालून कोणी येऊ नका. कालच्या एका चपलेचा अंगठा तिथेच तुटला, मग त्या मुलीला मी पाठुंगळी आणलं, तेही उशिराचं कारण आहे.

गायकवाड (बी-२०२): वर्गणी किती?

सानप (सेक्रेटरी): आधी कालचे तुमचे २०० येऊ द्या.

गायकवाड (बी-२०२): मी रोख दिलेत निकमकडे.

निकम (बी-३०४): दिलेत. मिसळीत गेले.

देवरे काका (बी-१०१): 📷 तिसऱ्यांदा टाकतोय. झूम करून बघा. टाक्यातलं पाणी त्या काळी तिथं माणसं प्यायची, तिथंच आपण पाकिटं टाकतो. इतिहासाच्या गप्पा मारायच्या आणि कचरा देवरेने वाहायचा. पिशवी आमच्या दारात आहे, कोणाची असेल त्याने न्यावी.

सानप (सेक्रेटरी): काका, फोटोत उजवीकडे जी निळ्या झाकणाची आहे ती टाकलेली नाही, ती आमच्या पोराची शाळेची बाटली आहे, कालपासून शोधतोय. संध्याकाळी येतो घ्यायला.

देवरे काका (बी-१०१): ये. बाकीची पिशवी पण घेऊन जा.