शब्दचर्चा : नमुना, खाका, बेत की नुसतंच 'पॅटर्न'?

सुईदोरा :
मंडळी, मदत हवी आहे. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गोधडी आणि मशीनवरचं भरतकाम असा चार रविवारांचा वर्ग घ्यायचं ठरवलंय. पत्रक मराठीतच काढायचं हा हट्ट माझाच, आणि पहिल्याच ओळीला घोडं अडलं. 'डिझाइनची प्रेरणा कुठे शोधावी व पॅटर्न कसे मिळवावेत' असं लिहिलं, तर सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "प्रेरणा बिरणा काय, गोधडीच शिवायचीय ना?"

'पॅटर्न' या एका शब्दात आम्ही शिवणाऱ्या बायका निदान चार गोष्टी कोंबतो. जे पाहून 'आपणही असं काहीतरी करावं' वाटतं ते चित्र किंवा एखादी जुनी साडी. कापडावर छापायचा कागद. तुकडे कापायची मापं. आणि मशीनला पेन ड्राइव्हवरून द्यायची फाइल. चारींना 'नमुना' म्हटलं की भागेल, असा माझा समज होता. तो पैसे मोजून दूर झाला. दिवाळीआधी एका कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या दुकानात मोराचं चित्र दिलं आणि म्हटलं, "याचा नमुना करून द्या." मला हवी होती फाइल, घरच्या मशीनवर चालवायला. चार दिवसांनी फोन आला, "ताई, मोर मारून ठेवलाय, घेऊन जा." जाऊन बघते तर पांढऱ्या केंब्रिकच्या तुकड्यावर शिवलेला मोर, मान चक्क जांभळी, आणि वर नमुन्याचे पैसे. भांडायला तोंड नव्हतं. नमुनाच तर मागितला होता!

तर शब्द सुचवा. 'संकल्पना', 'अभिकल्प' वगैरे नकोत. ते घेऊन कोणी हॉलमध्ये येणार नाही.

शनिवारातला :
दुकानदार निर्दोष आहे. 'नमुना' फारसीतून आला, 'नमूदन' म्हणजे दाखवणे. आपण अर्जात 'नमूद करतो' तेही त्याच कुळातलं. त्याने दाखवायची वस्तू केली आणि दाखवली. शिवाय हा शब्द आधीच ओझ्याने वाकलाय. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, तिथे तो सरकारी तक्ता. रक्ताचा नमुना म्हणजे थोडंसं काढून घेतलेलं. आणि 'तुमचा भाचा म्हणजे एक नमुनाच आहे' यात जे आहे ते सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या चार अर्थांपैकी पहिला तेवढा त्याच्याकडे ठेवा.

निळीची पुडी :
दुसऱ्यासाठी तयार शब्द आहे : खाका. आपण 'भाषणाचा खाका', 'खर्चाचा खाका' म्हणतो तोच, पण कापडावरही तो असतो. आमच्या वाड्यात खाली एक कारागीर बसायचे, साड्यांवर छापून द्यायचे. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, मग रेघेवरून सुईने बारीक बारीक भोकं पाडत जायचं. कागद उलटा करून बोट फिरवलं की भोकांची खरखर लागायची, आम्ही पोरं त्यासाठीच जाऊन बसायचो. मग कागद साडीवर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापडाच्या बोळ्याने वरून पुसायची. गडद साडी असली तर निळीऐवजी झिंकची पांढरी पूड. कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांचा वेल. रॉकेल उडून जातं, रंग राहतो. घरी आणलेल्या साडीला दोन दिवस स्टोव्हचा वास यायचा आणि आई ती गॅलरीत टाकायची.

शनिवारातला :
क्या बात है. 'खाका'तला 'खाक' म्हणजे धूळ, राख. जळून खाक होतं तीच. टोचलेल्या कागदावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटून रेषा उतरवायची, तो खाका. आपण 'खाका' म्हणताना हवेत बोट फिरवतो आणि भुकटी विसरतो.

जाता जाता : 'नक्षी' आणि 'नकाशा' सख्खे, दोघेही अरबी 'नक्श'चे. बंगालातल्या नक्षी कांथ्यातली (कांथा म्हणजे तिकडची गोधडी) नक्षी हीच. आणि 'कशिदा' फारसी 'कशीदन'वरून, म्हणजे ओढणे. दोरा ओढतात म्हणा, रेघ ओढतात म्हणा.

टीपकागद :
मग आमच्या धारवाडकडचं भरतकाम, कसुती, आणि कशिदा एकच का? माझी तिथली मावशी 'मुळीच नाही' म्हणून भांडते.

शनिवारातला :
मावशी बरोबर आहे. कसुती कन्नड, 'कै' म्हणजे हात आणि पुढे सूत. तिचे टाकेही वेगळे, गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. मेंथी म्हणजे आपली मेथी.

जुनेर :
मी मूळची बार्शीकडची, आता हडपसरला. आमच्यात गोधडी कमी, वाकळ जास्त म्हणतात. आजीला 'पॅटर्न' म्हणून काही विचारलं असतं तर तिने तोंडाकडे बघितलं असतं. तिच्याकडे सगळी क्रियापदं होती, नाव एकही नाही. शेजारणीच्या वाकळीचा कोपरा आवडला की ती तो 'डोळ्यात ठेवायची' आणि घरी येऊन 'उतरवायची'. पत्ता उतरवून घेतात तसा.

आणि कागद कसला! जुनेर अंथरायचं (माझं इथलं नाव तेच, घरातली जुनी वापरून मऊ झालेली लुगडी-धोतरं), मध्ये विरलेलं असेल तर तेवढं काढून दोन्ही टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा. चार कडांनी धावदोरा धरायचा आणि चौकोनात चौकोन करत आत सरकायचं. आजी वाकळीवरच बसून शिवायची, त्यामुळे जागा बदलली की टाक्यांचा कलही बदलायचा. कुठल्या बाजूला दोन चौकोनांमधलं अंतर वाढलंय ते बघून आम्ही ओळखायचो की इथे तिला झोप लागली होती. शेवटी कोपऱ्यांना खणाचे तिकोनी तुकडे, कडेला गोट. झाली वाकळ.

गोट लिहा पत्रकात, ताई. 'बाइंडिंग' लिहू नका.

सुईदोरा :
गोट घेतला! झोपेचे चौकोन तर डोक्यातून जाणार नाहीत आता.

शनिवारातला :
वाकळीचं नातं 'वल्कला'शी सांगतात, झाडाच्या सालीचं वस्त्र. नाथपंथी जोग्याची ती कंथा, आणि बंगालचा कांथा याच संस्कृत कंथेचा. जनाबाईच्या गोष्टीत विठोबा आपला शेला तिच्या घरी विसरतो आणि तिची वाकळ पांघरून राउळात जातो. तिथे 'गोधडी' घालून पाहा, गोष्ट बसत नाही. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही शब्द आहेत, पण कानाला वाकळ गरीब आणि गोधडी घरंदाज लागते. आता दुकानात पाच आकडी किंमत लागल्यापासून जास्तच.

कातरवाला :
तिसऱ्या अर्थावर कोणी बोलेना म्हणून लिहितो. चाळीस वर्षं कापड कापतोय. तुकड्यांची मापं, ती कापडावर कशी बसवायची, कमी कापडात कसं भागवायचं, या सगळ्याला आमच्यात बेतणे म्हणतात. ब्लाउज बेतला, पोलकं बेतलं. कापड आखूड पडलं तर 'उभ्या धाग्यात बेतून बघा, आडव्यात बसणार नाही'. कातर लावायच्या आधीचं सगळं डोकं त्या बेतण्यात जातं. जेवणाचा बेत आणि जिवावर बेतणं हे त्याचेच भाऊबंद म्हणायला हरकत नाही, चुकीचं कापलं की कळतं!

तुमच्या त्या गोधडीच्या पुस्तकात 'पाव इंच शिवणीसाठी सोडा' असतं ना? तो बेत. चार इंचाचा चौकोन हवा तर साडेचार इंच कापायचा. आमच्याकडे त्याला 'दाब धरणे' म्हणतात. नव्या मुली चित्र बघून कापतात आणि सगळी गोधडी चांगलीच आखूड होते.

सुईदोरा :
काका, हे सोनं आहे. 'बेत' म्हणजे शिवायच्या आधीचा पॅटर्न. मला हा शब्द रोज वापरत असूनही सुचला नव्हता.

खटखट :
मी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या युनिटला आहे, तुमच्या मोराच्या दुकानाचा नाही, आधीच सांगतो 😀 आमच्यात फाइलला कोणी नमुना, खाका काही म्हणत नाही. चित्रावरून फाइल करणं म्हणजे पंचिंग. 'पंचिंग झालं का?' 'पंचिंगचे वेगळे पडतील.' तुम्ही हा शब्द वापरला असतात तर मोर पांढऱ्या कापडावर मेला नसता.

आता पंच कसला, भोक तर कुठेच पडत नाही. पण पूर्वी पडायचं. स्वित्झर्लंडमध्ये आयझॅक ग्रोब्लीने १८६३ साली शिफली मशीन काढलं (शिफली म्हणजे छोटी होडी, आतलं शटल तसं दिसतं म्हणून), आणि १८९८ मध्ये त्याच्या मुलाने ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालवलं. सुई कुठे पडायची ते भोकं सांगायची. पट्टी गेली, फाइल आली, नाव राहिलं.

मानेचं जांभळं कशामुळे तेही सांगतो. आमच्याकडे बहुतेक डीएसटी फाइल चालते. तिच्यात रंग नसतोच. 'इतके टाके इकडे, मग थांब, दोरा बदल' एवढंच असतं. कुठला दोरा लावायचा ते चालवणाऱ्याच्या हातात. तुम्ही रंगांची यादी दिली नसणार, त्याने जे रीळ जवळ होतं ते लावलं.

सुईदोरा :
नव्हती दिली. 🙈 मी म्हटलं मोर आहे, निळा असतो, वेगळं काय सांगायचं.

खटखट :
मशीनला मोर माहीत नाही ना ताई. त्याला फक्त टाका माहीत. म्हणून ती फाइल चित्र नाही, हुकमांची यादी आहे. चार इंचाची फाइल आठ इंच केली आणि टाके नव्याने मोजून घेतले नाहीत, तर टाके तेवढेच राहतात आणि विरळ पडतात, खालचं कापड दिसतं. 'नुसतं मोठं करून द्या' म्हणणारं गिऱ्हाईक रोज एक तरी असतंच.

टीपकागद :
पण हे 'मारून ठेवलाय' काय प्रकार आहे? ऐकायला कसंतरी वाटतं. हातावर आपण फूल 'काढतो'.

निळीची पुडी :
तोच तर गमतीचा भाग. कागदावर मोर काढला, रुमालावर मोर काढला, दारात मोर काढला. पेन्सिल, सुई, रांगोळी, तिन्हीला एकच क्रियापद. मशीन आलं की ते बदलतं. टीप मारतात, इस्त्री मारतात, शिक्का मारतात. झटक्यात, यंत्राच्या जोरावर होतं ते मारणं. माझं मत, पत्रकात हाताच्या कामाला 'काढणे' आणि मशीनच्या कामाला 'भरणे' लिहा. भरतकाम भरण्यावरूनच आलंय, कोणाच्या कानाला टोचणार नाही.

खटखट :
आम्ही मारतच राहणार.

ठिपका :
उशिरा आले, पण राहवत नाही. पहिल्या अर्थाबद्दल, म्हणजे कुठे बघायचं याबद्दल, सगळे बाहेर का धावतात? विश्रामबागवाड्याचं लाकडी कोरीवकाम बघा, केळकर संग्रहालयात दारं, दिवे, अडकित्ते बघा, आईच्या साडीचा रुईफुली काठ बघा, हे सगळं ठीकच आहे. पण षटकोनी तुकड्यांची गोधडी करायची असेल तर कागद-पेन्सिलसुद्धा नको. ठिपक्यांची रांगोळी येते ना?

'सात ते चार' म्हणजे काय? मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली सहा, पाच, चार, प्रत्येक ओळ अर्धं घर सरकवून. एकूण ३७. आता प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक षटकोनी तुकडा ठेवा. तंतोतंत बसतो, मध्ये फट नाही. सर्वात लहान 'तीन ते दोन' : तीन, वर दोन, खाली दोन, म्हणजे ७. मध्ये एक आणि भोवती सहा पाकळ्या, ते गोधडीतलं फूल. 'अकरा ते सहा' घेतली तर ९१ तुकडे. इंग्रजी पुस्तकात याला दोन पानं आकृत्या असतात. आमच्या आईला 'सात ते चार' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागलं नाही, तिने तुकडे मांडायलाच घेतले.

आणि तुकडे जोडून होणाऱ्या एकेका 'ब्लॉक'ला घर म्हणा. सारीपाटाचं घर, बुद्धिबळाचं घर, तसं गोधडीचं घर.

कातरवाला :
घर चांगलं आहे. फक्त वर्गात 'आज प्रत्येकीने दोन घरं करून आणा' म्हणू नका.

सुईदोरा :
😂 पत्रकाचा मजकूर असा केलाय, बघा :

'गोधडी आणि मशीनवरचं भरतकाम. पहिला रविवार : नमुने बघू, आवडेल तो उतरवून घेऊ. दुसरा : बेतणं, कापणं, घरं जोडणं. तिसरा : खाका टोचून छापणं, हाताने काढणं. चौथा : फाइल, पंचिंग, मशीनवर भरणं, शेवटी गोट. येताना घरातलं जुनेर, कातर आणि एक जुनी साडी आणावी.'

सासूबाईंनी वाचलं. म्हणाल्या, "हे कळलं."

शनिवारातला :
'जुनेर' लिहिल्यावर 'जुनी साडी' पुन्हा कशाला? द्विरुक्ती.

जुनेर :
नव्या मुलींना जुनेर कळायचं नाही हो. राहू द्या दोन्ही.

टीपकागद :
सात ते चारला षटकोनाची बाजू किती घ्यायची? उशीला पुरेल का?

ठिपका :
बाजू एक इंच घ्या. सातची ओळ साधारण बारा इंच भरते. सोळा इंची अभ्र्याला मधोमध बसेल, कडेला दोन दोन इंच साधं कापड राहील.

खटखट :
आणि मधल्या घरात मोर हवा असेल तर रंगांची यादी पाठवा.