मदत हवी आहे : इमॅजिकाचा शेअर घ्यावा का?

राजेहो, जरा सल्ला द्या. एफडी सुटली, त्यातले थोडे पैसे इमॅजिकाच्या शेअरमध्ये टाक म्हणून साळा मागे लागलाय. 2013 मध्ये खोपोलीजवळ त्यांचं मनोरंजन पार्क सुरू झालं, 2015 मध्ये आयपीओ आला (म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढले), पुढे कर्जाने कंबरडं मोडलं. 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ताबा घेतला. कर्ज ताळेबंदात दिसतं हो, गर्दीचं गणित कसं बघायचं? आपल्या नागपुरात मे महिन्यात वॉटर पार्कला पाय ठेवायला जागा नसते, जुलैत तिकीट खिडकीवरचा पोरगा मोबाइल चाळत बसतो. घसारा (यंत्रांच्या झिजेचा खर्च) न् देखभाल मात्र बाराही महिने. मग एका तिमाहीच्या नफ्यावर भुलायचं का? पार्कात येणाऱ्या दर माणसामागे कंपनीला किती उत्पन्न मिळतं, तो आकडा कुठे शोधायचा? टिप नकोच, ती साळा देतोच आहे.